इंजेक्टरच्या आकड्यामागचा दाब

महोदय,

तुर्भे परिसरातील काही गॅरेजांत जुन्या पेट्रोल गाड्यांना ‘जास्त सीसीचे’ इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे भाग) सुचवले जातात. मात्र मिनिटाला इतके सीसी (घन सेंटीमीटर) इंधन हा आकडा बहुधा ३ बार दाबावर मोजलेला असतो आणि प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने तोच इंजेक्टर ४ बारवर सुमारे १५ टक्के अधिक इंधन सोडतो, हे कोणी सांगत नाही. दाबाविना सांगितलेला आकडा निरर्थकच. शिवाय १२ ते १६ ओहम विद्युतरोधाच्या इंजेक्टरजागी २-३ ओहमचा बसवल्यास ईसीयूचे (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचे) सर्किट जळू शकते. सिलिंडरमध्ये थेट फवारणारे इंजेक्टर तर शंभराहून अधिक बारवर चालतात. तिथे अदलाबदलीचा प्रश्नच नाही. बिलावर सीसी, दाब आणि ओहम लिहून देणे गॅरेजांना बंधनकारक करावे.

— एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई