रोज वजन करू नका, असं सरसकट सांगू नका

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत नुकतेच एकाच पानावर दोन मजकूर वाचले. वरच्या लेखात ‘तीन दिवसांत तीन किलो’ उतरवणारा आहारक्रम होता. खालच्या चौकटीत सल्ला होता की रोज वजन करू नका, आकडा फसवा असतो, उगाच मन खट्टू होतं. माझी बहुतेक नोकरी डायलिसिस विभागात परिचारिका म्हणून गेली. तिथे पेशंट आला की आधी काट्यावर आणि जाताना पुन्हा काट्यावर, त्यामुळे हे दोन्ही मजकूर वाचून गप्प बसवेना.

मूत्रपिंडं निकामी झालेला माणूस साधारण आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येतो. मधल्या दिवसांत पोटात गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नसते, म्हणून येताना त्याचं वजन दोन-अडीच किलोंनी वाढलेलं असतं. फाईलवर त्याचं ‘ड्राय वेट’ लिहिलेलं असतं, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. आम्ही वजाबाकी करायचो आणि मशीनला तेवढं पाणी काढायला लावायचो. चार तासांनी तोच माणूस अडीच किलोंनी हलका होऊन घरी जायचा. हा बारीक झाला, असं त्याच्या घरचंही कुणी म्हणत नसे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं.

निरोगी माणसातही हेच चालतं, फक्त मशीनचं काम त्याची मूत्रपिंडं करतात. प्रौढ माणसाच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा पाण्याचा असतो. त्यामुळे काटा एका दिवसात किलो-दीड किलो इकडेतिकडे झाला तर त्यात नवल काही नाही. मिठाचंच पाहा. सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के असं छापलेलं असतं, म्हणजे एका लिटरला ९ ग्रॅम मीठ. आपल्या रक्तातला खारटपणाही साधारण त्याच मापाचा, आणि शरीर ते माप सहसा सोडत नाही. जादा ९ ग्रॅम मीठ अंगात राहिलं तर त्याच्या जोडीला जवळजवळ लिटरभर पाणी राहणार. तहान लागते, आपण पितो, सकाळी बोटातली अंगठी घट्ट होते आणि काटा वर जातो. मूत्रपिंडं धड असतील तर एक-दोन दिवसांत हे सगळं लघवीवाटे निघून जातं. (जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.)

मासिक पाळीच्या आसपासही अंगात पाणी धरतं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी धरतं, काही वेदनाशामकांनीही. व्यायाम नव्याने सुरू केला की दुखावलेल्या स्नायूंत काही दिवस पाणी साचतं, आणि बिचारा माणूस घाम गाळूनही वजन वाढलं म्हणून व्यायाम सोडतो. पोट साफ झालं नाही तर तेही वजनात येतंच.

झोपेतही वजन उतरतं. श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव किलोच्या आसपास पाणी उडून जातं, एक थेंब घाम न दिसता. सतराव्या शतकात सँटोरिओ नावाच्या इटालियन वैद्याने काट्याला टांगलेल्या खुर्चीत बसून खाणं, पिणं, मलमूत्र सगळं वर्षानुवर्षं तोललं. खाल्ल्या-प्यायल्यातला निम्म्याहून जास्त भाग डोळ्यांना न दिसता जातो, हे त्याने १६१४ मध्ये छापून सांगितलं होतं. एवढा चिकाटीचा पेशंट आम्हाला एकही मिळाला नाही.

आता त्या तीन किलोंबद्दल. किलोभर चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात. रोज २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसाने तीन दिवस अन्नाचा कण जरी खाल्ला नाही, तरी फार तर पाऊण किलो चरबी जळेल. मग बाकीचं काय गेलं? यकृतात आणि स्नायूंत मिळून सुमारे अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे शरीराने राखून ठेवलेली साखर, साठवलेलं असतं, आणि त्याच्या दर ग्रॅममागे अंदाजे ३ ग्रॅम पाणी असतं. पिष्टमय पदार्थ बंद केले की हा साठा रिकामा होत जातो आणि त्यातच दीड-दोन किलो उतरतात. आतड्यातला ऐवज कमी होतो तो वेगळाच. नेहमीसारखं जेवायला लागलं की साठा भरतो आणि आकडा जागेवर येतो. लेखकाने आकडा खोटा दिलेला नाही. त्यातली चरबी किती आणि पाणी किती, एवढंच सांगायचं टाळलं. तीच गोष्ट उलट्या बाजूने: रात्रीच्या एका जेवणाने सकाळी किलोभर चरबी चढत नाही. त्यासाठी रोजच्या खाण्याच्या वर आणखी जवळजवळ चार दिवसांचं अन्न एका बैठकीत संपवावं लागेल.

पण माझा खरा आक्षेप खालच्या चौकटीवर आहे. आकड्याने जीव कासावीस होतो त्यांनी काटा माळ्यावर टाकावा, माझी काहीच हरकत नाही. हृदय दुबळं झालेल्या रुग्णाला मात्र डॉक्टर रोज वजन करायला सांगतात, आणि ते उगाच नाही. पायावर सूज दिसण्याआधी, दम लागण्याआधी, साचणारं पाणी काट्यावर दिसू शकतं. तीन दिवसांत दोन किलोंपेक्षा जास्त वाढ झाली तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचं असतं. अशा घरात तुमची चौकट वाचून कुणी रोजच्या वजनाची वही बंद केली तर?

आणि आकडा स्थिर आहे म्हणून निर्धास्त राहण्यातही धोका असतो. हे आमच्या विभागात वारंवार दिसायचं. पेशंट मध्ये तापाने आजारी पडतो, महिनाभर जेवण जात नाही, अंगावरचं मांस झडतं. काट्यावर मात्र ड्राय वेट जुळलेलं, कारण गेलेल्या मांसाच्या जागी पाणी भरलेलं असतं. वजन बरोबर आहे, मग रात्री उशा रचून का झोपावं लागतं, असं तो विचारतो. अशा वेळी डॉक्टर ड्राय वेट खाली आणतात, जादा पाणी थोडं थोडं काढलं जातं, आणि श्वास मोकळा होतो. नुसत्या काट्यावरून हे कळत नाही. गळ्याची शीर, घोट्यावरची सूज, रक्तदाब आणि पेशंटचा उतरलेला चेहरा, सगळं मिळून पाहावं लागतं.

तेव्हा पुढच्या पुरवणीत एक छोटी दुरुस्ती छापावी, ही विनंती. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी रोजचं वजन डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. वजन सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत करावं. काटा कडक, सपाट फरशीवर ठेवावा, सतरंजीवर नको. आकडा तारखेसह लिहून ठेवावा आणि ती वही तपासणीला जाताना सोबत न्यावी.

आपली,
एक निवृत्त डायलिसिस परिचारिका
(नाव-गाव कृपया छापू नये)