कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरवाल्या काकांना, लई लई थँक्यू

काका, तुम्ही हे वाचाल का माहीत नाही, पण वाचणाऱ्यातलं कोणीतरी तुम्हाला दाखवेलच म्हणून लिहितोय.

ऐन लग्नसराईत आमच्या मॅकबुक एअरनं मान टाकली. २०१७ चं मॉडेल, दादानं घेतलेलं, तो कॅनडाला गेला आणि मशीन आमच्या पापाच्या तिकटीजवळच्या पत्रिकांच्या दुकानात आलं. अपडेट अर्ध्यातच लटकला, मग कमांड आणि आर दाबून रिकव्हरीत, म्हणजे दुरुस्तीच्या मोडमध्ये, जायला बघितलं तर स्क्रीनवर नुसतं कुलूप आणि खाली रिकामी पट्टी. एवढी वर्षं हा पासवर्ड कधी विचारलाच नव्हता, कारण हा फर्मवेअर पासवर्ड, म्हणजे मशीनच्या बोर्डातच बसलेला पासवर्ड, रोजच्या डिस्कवरून मशीन चालू होताना आडवा येत नाही, रिकव्हरीत किंवा दुसऱ्या डिस्कवरून जायला लागलं की येतो, हे पण तुमच्याकडूनच कळलं. दादाला फोन लावला तर म्हणतोय, "मी कधी टाकलाय असला पासवर्ड?" झालं कल्याण.

एका दुकानात म्हणाले, "चिपवर काम करतो, डेटाची गॅरंटी नाही." भाचा यूट्यूब बघून, रॅम (मशीनची तात्पुरती मेमरी) काढली की पासवर्ड उडतो म्हणत, ती काढायच्या मागं लागलेला. तुमच्याकडं आलो तर तुम्ही हसलात, "अरे ते २०१० पर्यंतच्या मशीनला चालायचं, ह्यात रॅम बोर्डवरच सोल्डर हाय, काढतोस काय?" आणि लगेच, "बिल हाय का? आदी बिल हुडका."

खरं सांगू, तेव्हा डोकं फिरलं होतं. पैसे द्यायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाला बिल काय मागता! पण तुम्ही शांतपणे म्हणालात, चोरीचं मशीन घेऊन येणारा पण हीच ष्टोरी सांगतो की. यावर काय बोलणार.

बिल सापडेपर्यंत काम अडू नये म्हणून तुम्ही खालचं झाकण उघडलंत. दहा स्क्रू, त्यातले दोन लांब, ते आमच्याच एका सॅम्पल पत्रिकेच्या मागं झाकणाचा चौकोन काढून जागच्या जागी ठेवलेले, ते बघूनच जीवात जीव आला. एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी डिस्क, काढून ॲडॅप्टरला लावली, डिस्क कुलूपबंद करणारं फाइलव्हॉल्ट चालू नव्हतं म्हणून सगळ्या पत्रिकांच्या फायली तुमच्या मॅकवर दिसल्या. पुढच्या वर्षीच्या मॉडेलमध्ये डेटा त्याच बोर्डाशी बांधून ठेवणारी टी२ चिप असते, त्यात हे जमलं नसतं म्हणे, म्हणजे नशीब पण होतंच.

बिल आईकडं निघालं, फ्रिजच्या वॉरंटी कार्डाच्या पिशवीत. सिरीयल नंबर तुम्ही स्वतः जुळवून बघितलात, दादाकडून मेल मागवायला लावलात, आणि मगच अधिकृत सेंटरला पाठवलंत. तिथं कुलूप निघालं, बोर्डाला कुणी हात पण लावला नाही.

सेकंडहँड मॅक घेणाऱ्यांनो, मूळ बिल मागून घ्या, नाहीतर असल्या वेळी कंपनी पण दारात उभं करत नाही.

आणि काका, डेटा काढून दिल्याचे पैसे "नंतर बघू" म्हणून ठेवलेत ते चालणार नाही. शनिवारी येतोय, हिशेब करून ठेवा.