हा उजेड संकुलाचाच कशावरून?

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

लोहाच्या प्रकाशसंवेदी संकुलांवरील (मध्यभागी धातूचा अणू आणि त्याभोवती जोडलेले रेणू, म्हणजे लिगँड, अशा संयुगांवरील) माझे काम पूर्णत्वास येत असताना, ते योग्य वाटेवर ठेवणाऱ्या आपल्या एका प्रश्नाबद्दल हे अनावृत आभारपत्र लिहीत आहे.

रुथेनियम धातूचे बायपिरिडीन या लिगँडसोबतचे संकुल सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषते, तेव्हा इलेक्ट्रॉन धातूकडून लिगँडकडे जातो आणि द्रावणातील ऑक्सिजन काढून टाकला असल्यास ही उत्तेजित अवस्था पाण्यात सुमारे ६०० नॅनोसेकंद टिकते. १९९१ मध्ये ओ'रेगन आणि ग्रेट्झेल यांनी सादर केलेल्या सौरघटात अशाच रुथेनियम संकुलाने आपला इलेक्ट्रॉन टायटॅनियम डायऑक्साइडला दिला. मात्र रुथेनियम दुर्मीळ आहे. लोह मुबलक आहे, पण त्याच्या तशाच संकुलात ही अवस्था एका पिकोसेकंदाच्या, म्हणजे नॅनोसेकंदाच्या हजाराव्या भागाच्या, आत मावळते.

त्यामुळे कार्बनच्या अणूने धातूला जोडल्या जाणाऱ्या कार्बीन लिगँडच्या माझ्या लोहसंकुलातून कित्येक नॅनोसेकंद टिकणारा निळसर उजेड दिसला, तेव्हा मी लगेच निबंधाचा मसुदा लिहायला घेतला. आपण आलेख पाहिलात आणि शांतपणे विचारलेत, "हा उजेड संकुलाचाच कशावरून?"

त्या दिवशी स्वतःचे काम बाजूला ठेवून आपण माझ्यासोबत उपकरणापाशी बसलात. उत्सर्जनाची, म्हणजे बाहेर पडणाऱ्या उजेडाची, तरंगलांबी कायम ठेवून आपण उत्तेजनाची, म्हणजे नमुन्यावर टाकलेल्या प्रकाशाची, तरंगलांबी बदलत नेलीत, कारण उजेड संकुलाचा असता तर हा आलेख संकुलाच्या शोषणाच्या आलेखाशी जुळला असता. तो जुळला नाही. दृश्य प्रकाशात, जिथे संकुल भरपूर शोषते, तिथे रेषा जवळजवळ सपाट होती आणि अतिनील भागातील शिखर मोकळ्या लिगँडचे निघाले. एनएमआर या रेणूंची रचना तपासणाऱ्या चाचणीत न दिसलेला लिगँडचा अंश एवढा चमकू शकतो, हे मला त्याआधी कोणी दाखवले नव्हते.

नमुना पुन्हा शुद्ध केल्यावर उजेड गेला. त्यानंतर आपणच लेसरवर वेळ मिळवून दिलात आणि उत्तेजित अवस्थेचे खरे आयुष्यमान काही पिकोसेकंद निघाले, म्हणजे साध्या बायपिरिडीन लोहसंकुलापेक्षा कितीतरी अधिक. ज्या धातूकेंद्रित अवस्थांमध्ये उत्तेजना विरून जाते, त्या कार्बीनच्या भक्कम बंधामुळे अधिक ऊर्जेकडे वर सरकतात, हे स्पष्टीकरण त्या आकड्याशी जुळते आणि आता प्रबंधाचा गाभा तेच आहे. चुकीचा निष्कर्ष माझ्या नावावर छापला जाण्यापासून आपण वाचवलेत, आणि तेही मला कुणासमोर कमीपणा येऊ न देता. याबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

नव्या प्रत्येक नमुन्याचे उत्तेजनाचा आणि शोषणाचा हे दोन आलेख मी आता सर्वांत आधी एकमेकांवर ठेवून पाहतो.

आपला कृतज्ञ,
एक संशोधक विद्यार्थी