‘चूक माझी’ हे लगेच म्हणायला शिकवणाऱ्या कॅडीकाकांना

प्रिय काका,
स. न. वि. वि.

ज्युनिअर गोल्फ स्पर्धेत कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस) म्हणून आमच्या मुलांच्या बॅगा तुम्ही सांभाळल्यात, त्याबद्दल आम्हा कोच मंडळींचं हे जाहीर आभारपत्र. स्विंग आम्ही शिकवतो. शॉट बिघडल्यानंतरची दोन मिनिटं कशी काढायची, हे तुम्ही शिकवलंत.

नुसतं ‘शांत राहा’ म्हणून चौदा वर्षांचं पोर शांत होत नाही. त्याच्या हाताला काम लागतं, आणि तुम्ही नेमकं तेच दिलंत. ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब शॉट, झाडीत गेला की दुसरा बॉल मारण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ (पहिला न सापडला तर वापरायचा तात्पुरता बॉल) असं स्पष्ट सांगायचं. न सांगता दुसरा बॉल मारला तर एका पेनल्टीसह (दंडाच्या जादा शॉटसह) तो दुसराच खेळात धरतात. मग पहिला सापडूनही उपयोग नाही. त्यानंतर क्लब (बॉल मारायची काठी) पुसून बॅगेत ठेवायचा आणि चालू लागायचं. शोधायला तीनच मिनिटं, आणि कॅडीने शोध सुरू केला तरी वेळ मोजायला लागतात. म्हणून मूल पोहोचेपर्यंत तुम्ही झाडीत शिरत नाही, हे आम्ही पाहिलंय.

रफमधला, म्हणजे उंच गवतातला, बॉल आपलाच का, हे तपासताना जागा मार्क करायला आधी बॉलमागे टी (छोटी खुंटी) खोचायचा, मग दोन बोटांनी उचलायचा, खूण दिसेल एवढाच पुसायचा, पुन्हा तिथेच ठेवायचा. जागा मार्क न करता उचलला तर एक पेनल्टी. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण शॉट मोजून निकाल लागतो त्या प्रकारात) चुकीचा बॉल मारला तर दोन, आणि परत जाऊन आपला बॉल खेळायचा. पण ही चूक न सुधारता पुढच्या होलच्या टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) शॉट मारला, तर थेट बाद! लगेच कबूल केलं की दोन शॉटवर भागतं, हे गणित मुलांना आमच्या सगळ्या उपदेशापेक्षा लवकर पटलं.

‘काकांनी अंतर चुकीचं सांगितलं’ या तक्रारीवर तुम्ही एवढंच विचारलंत, ‘क्लब कोणी निवडला?’ नियमही तुमच्याच बाजूचा आहे. कॅडीने नियम मोडला तरी पेनल्टी खेळाडूलाच.

स्कोअरकार्डाबद्दलची तुमची कडक शिस्त आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते. 1968 च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत रॉबर्तो दे व्हिचेन्झो या गोल्फरने शेवटच्या फेरीत सतरावा होल 3 शॉटमध्ये संपवला. मार्कर, म्हणजे त्याचं कार्ड लिहिणारा, टॉमी अ‍ॅरनने 4 लिहिले आणि त्यावर दे व्हिचेन्झोची सही झाली. जास्तीचा आकडा तसाच कायम राहतो, म्हणून त्या फेरीच्या 65 चे 66 झाले आणि बॉब गोल्बीबरोबरचा प्लेऑफ (बरोबरीनंतरचा निर्णायक खेळ) हुकला. दोष मात्र त्याने स्वतःलाच दिला. खऱ्यापेक्षा कमी आकड्यावर सही झाली असती, तर तो बादच झाला असता. मुलं आता पुढच्या टीवर मार्करला आकडा मोठ्याने सांगतात, जुळला की मगच लिहितात.

पावसाळा सरला की नवी मुलं येतील. पहिल्या आठवड्यात त्यांना आमच्याआधी तुमच्याबरोबर कोर्सवर पाठवायचं ठरवतोय. याल ना?

तुमचे ऋणी,
ज्युनिअर गटाचे कोच