शेवटचा खांब

वडगाव, बेळगाव
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पूजा आटोपली, नैवेद्य झाला, आणि आता मागच्या दारी उन्हात बसून लिहितेय. थंडी चांगलीच पडलीय. सकाळी कॅम्पात गेले होते, किल्ल्याच्या खंदकाजवळ एवढं धुकं की समोरची रिक्षा दिसेना. बाबांची तब्येत ठीक आहे. बाकी क्षेम. आता खरं काय ते लिहिते.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, काय करत बसलीस?" मी म्हटलं, पांघरूण विणतेय, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, क्रोशाचं. तू थोडा वेळ गप्प राहिलास आणि म्हणालास, "मला परत शिकवशील?" दूध उतू जात होतं म्हणून मी हो-हो म्हणत फोन ठेवला. पण तुझा तो 'परत' माझ्या मनातून जाईना. दोन रात्री धड झोप लागली नाही.

काल ट्रंक उघडली. तळाशी अज्जीचं इरकली लुगडं आहे ना, त्याच्या घडीत मी तुझा तो हिरवा तुकडा ठेवला होता. पाचवीत असताना विणलेला. तुला वाटलं असेल आईनं कधीच टाकून दिला. मी तो उन्हात धरला आणि चष्मा लावून एकेक खांब, म्हणजे क्रोशाचा उभा टाका, मोजला. पहिल्या ओळीत २०. दुसरीत १९. तिसरीत १८. असं करत करत अकराव्या ओळीत १०. खाली रुंद आणि वर निमुळता, दोन्ही बाजूंनी सारखाच, देवळाच्या शिखरासारखा.

बाळा, प्रत्येक ओळीत बरोबर एकच खांब गेलाय. एकाही ओळीत दोन नाहीत, एकही ओळ त्यातून सुटलेली नाही. ज्याचा हात धांदरट असतो त्याचं कुठे दोन जातात, कुठे एक वाढतो, कडा वाकड्यातिकड्या होतात. तुझ्या कडा दोरी धरल्यासारख्या सरळ उतरल्यात. दहा वर्षांच्या पोराचा हात इतका एकसारखा! तुला विणता येत होतं. एकच गोष्ट तुला माहीत नव्हती, आणि ती सांगायचं काम माझं होतं.

ती गोष्ट अशी. ओळ संपली की आपण तीन साखळ्या घालून काम उलटवतो. त्या तीन साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब. म्हणून त्यांच्या बुडाशी असलेला खांब सोडायचा आणि दुसऱ्यात सुई घालायची. तू ते बरोबर करत होतास. पण ओळीच्या शेवटी येतोस तेव्हा मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्या तिथे उभ्या असतात. त्या खांबासारख्या दिसत नाहीत. बारीक असतात, कडेला आत वळून बसतात. त्यांच्या डोक्यावर, म्हणजे तिसऱ्या साखळीत, शेवटचा खांब घालायचा असतो. तू त्याच्या आधीच थांबायचास. तुला वाटायचं ओळ संपली. प्रत्येक ओळीत एक खांब तिथे राहायचा, आणि काम दर ओळीला उलटत असल्यामुळे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

तू मला तीन-चार वेळा येऊन विचारलं होतंस, "आई, हे बारीक का होतंय?" मी स्वयंपाकात होते. म्हटलं, मोजत जा. तू मोजत होतास रे. पण साखळ्या हा खांब धरायचा असतो हे ज्याला कुणी सांगितलंच नाही, तो मोजून काय करणार?

आणि मग तो रविवार. गल्लीतली पोरं क्रिकेटला बोलवायला आली, तू कट्ट्यावर सुई घेऊन बसलेला. "काय करालास रे? पोरींचं काम?" असं एकानं म्हटलं, बाकीचे हसले. घरी पाहुणे होते, तेही हसले. तू तुकडा खाली ठेवलास आणि बॅट घेऊन गेलास. मी दारात उभी होते. मी काहीच बोलले नाही. पाहुण्यांसमोर कशाला, असं तेव्हा वाटलं. संध्याकाळी तू सुई माझ्या डब्यात परत आणून ठेवलीस, आणि त्यानंतर कधी हात लावला नाहीस. तू तुझ्या मनानं सोडलंस असं मी स्वतःला समजावत आले. ते खरं नव्हतं. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.

काय बोलायला हवं होतं तेही लिहिते, उशीर झाला तरी. ज्या घराच्या कट्ट्यावर ती पोरं उभी होती, त्या घरात तीन पिढ्या पुरुषांनीच विणलं. तुझे अज्जा खड्डा मागावर बसायचे. आता जिथे आपली मधली खोली आहे, तिथेच तो खड्डा होता. पाय खड्ड्यात, पावड्यांवर, म्हणजे पायानं दाबायच्या पट्ट्यांवर. उजव्या हातानं दोरी ओढली की धोटा या टोकाहून त्या टोकाला. अज्जी कांड्या भरून द्यायची. आमच्या लग्नानंतर दोनेक वर्षं मी तो माग चालताना पाहिलाय. मग गल्लीत सगळीकडे यंत्रमाग आले, वडगाव-खासबागेत दिवसरात्र खडखडाट सुरू झाला, आणि अज्जांचा माग थांबला. पण धोटा हातात धरलेल्या माणसाला "बायकांचं काम करतोस" असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आणि आपल्याच गावात, टिळकवाडीत, १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. त्याची आठवण म्हणून बांधलेल्या वीरसौधाची विहीर तुला दाखवलीय मी. त्या अधिवेशनात ठरलं की सभासद व्हायचं तर महिन्याला २००० वार सूत द्यायचं. वकील, डॉक्टर, पुढारी सगळ्यांना हाच नियम. मोठमोठे पुरुष टकळी नि चरखा घेऊन बसले होते, ते काय पोरींचं काम करत होते? हे सगळं मला त्या दिवशीही माहीत होतं. तोंडातून निघालं नाही.

असो. आता शिकवते.

मी तुला चार नंबरची, म्हणजे ४ मिलिमीटरची सुई पाठवतेय. लेखणीसारखी धर नाहीतर सुरीसारखी धर, मनगट दुखणार नाही अशी धर म्हणजे झालं. पहिल्यांदा २२ साखळ्या घाल आणि सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घाल. सोडलेल्या तीन साखळ्या धरून २० खांब होतील. दहाएक ओळी विण आणि पट्टी लावून माप घे. माझ्या हाताचे ४ इंचांत १६ खांब बसतात. तुझे १४ बसले तर तुझा हात सैल, १८ बसले तर घट्ट. दोन्हीत चूक काही नाही, फक्त त्या हिशेबानं साखळ्या कमी-जास्त घ्यायच्या. माझं पांघरूण ४५ इंच रुंद आहे, म्हणजे १८० खांब, त्यासाठी १८२ साखळ्या. पहिल्या साखळ्या सैल घाल, हवं तर त्यांच्यापुरती एक नंबर मोठी सुई घे. नाहीतर खालची कड आवळते आणि पांघरूण पिशवीसारखं दिसतं.

आता रंग बदलायचा कसा, ते नीट वाच. बहुतेकजण ओळ पूर्ण करतात आणि मग नवा रंग बांधतात. तसं केलं की कडेला जुन्या रंगाचा ठिपका राहतो. खरी जागा एक पाऊल आधी असते. ओळीच्या शेवटच्या खांबात सुईवर धागा घेतलास, आत घालून ओढलास, परत धागा घेऊन दोन फासांतून काढलास. आता सुईवर दोन फास उरले. इथे थांब. लाल सोडून दे, पांढरा सुईवर घे आणि त्या दोन फासांतून पांढरा ओढ. खांब लालच राहतो, पण त्याच्या डोक्यावरचा फास पांढरा होतो, आणि पुढची ओळ त्याच पांढऱ्यातून निघते.

हे लिहिताना अज्जीच्या लुगड्याचा पदर उलटा करून पुन्हा पाहिला. इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो आणि पदराचा वेगळा. दोन्ही ताण्यांचे फास एकमेकांत अडकवून घेतात आणि त्यातून आडवा धागा घालून पक्कं करतात. गाठ कुठेच दिसत नाही. अंग काळं, पदर लाल, त्यात पांढरी नक्षी. मी रंग त्या पदरावरूनच घेतले.

आधी लाल-पिवळा घेणार होते, हळदीकुंकवाचा. पण आपल्या गावात रंगालाही पक्ष असतो. लाल-पिवळा म्हटलं की लोकांना कानडी झेंडाच दिसतो, आणि माझ्या लेकाच्या पांघरुणावरून कुणी वाद घातलेला मला नको. मग लाल-पांढरा. दुकानदार कानडी, मी मराठीत मागितलं, तो "केंपु, बिळी" म्हणत गुंडे काढत गेला, मी "अर्धा किलो" म्हटलं, तो "अर्ध किलो" म्हणाला, वजन झालं. खडे बाजारात असंच चालतं, तुला माहीत आहे.

पट्टा दोन-दोन ओळींचा ठेव, किंवा चार-चार. सम आकडा. दोन ओळी विणून तू त्याच कडेला परत येतोस, तिथे सोडलेला धागा तुझी वाट बघत लोंबत असतो. तो उचलायचा आणि पुढे जायचं. कापायचा नाही. एकेक किंवा तीन-तीन ओळींचा पट्टा केलास तर धागा पलीकडच्या कडेला राहतो, दर वेळी कापावा लागतो, आणि शेवटी शेपट्या दडवत दडवत जीव जातो. मात्र कडेनं वर आणलेला धागा ओढून घट्ट करू नकोस. बोट आत जाईल एवढा ढिला ठेव, नाहीतर ती कड चुणते. बाहेरून दिसणाऱ्या धाग्याची काळजी नको. शेवटी चारी बाजूंनी मुक्या, म्हणजे आखूड, खांबांची एक ओळ घातली की तो झाकला जातो. कोपऱ्यात एकाच जागी तीन मुके खांब घाल, म्हणजे कोपरा वळतो.

माझी एक चूक झाली ती तू करू नकोस. पांढरी लोकर मी आधी कमी घेतली. वाटलं, लागेल तशी आणू. तीन महिन्यांनी आणली, तोच कारखाना, तोच नंबर. रात्री ट्यूबलाइटखाली विणत बसले, छान वाटलं. सकाळी दारात नेलं तर वरचे पट्टे सायीसारखे पिवळसर. गुंड्याच्या कागदावर रंगाच्या नंबराशेजारी घाण्याचा, म्हणजे लॉटचा नंबर असतो, तो वेगळा होता. एका वेळी रंगवलेली लोकर एकसारखी, दुसऱ्या वेळची किंचित वेगळी. चार पट्टे उसवले. मग एक पट्टा जुना पांढरा, एक नवा, असं आलटूनपालटून घालत गेले. आता फरक मला दिसतो, तुला कदाचित दिसणार नाही. तू मात्र पूर्ण पांघरुणाची लोकर एकदमच घे आणि कागद जपून ठेव. आणि लाल रंग जातो का हे आधीच बघ. लाल-पांढरं मिळून हाताएवढा तुकडा विण, कोमट पाण्यात भिजव, पांढऱ्या फडक्यात दाबून ठेव. फडकं लाल झालं तर ती लोकर पांढऱ्याजवळ नेऊ नकोस.

रात्रपाळीहून आल्यावर झोप लागत नाही म्हणतोस, हात नुसते फोनवर फिरत राहतात म्हणतोस. रोज दोन ओळी विण. कुणी खोलीत आलं तर सुई लपवू नकोस. आणि कुणी काही बोललं तर मला सांग. या वेळी मी गप्प बसणार नाही.

मामा शनिवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पिशवी देतेय. कुंदा आहे, तो लगेच खा. सुई आहे, लालचे नि पांढऱ्याचे सहा-सहा गुंडे आहेत, एकाच लॉटचे, मी कागद तपासलेत. माझं पांघरूण संक्रांतीपर्यंत होईल, तेव्हा येशील त्या वेळी घेऊन जा.

पिशवीत तळाशी तुझा हिरवा तुकडा आहे. तसली हिरवी लोकर आता कुठे मिळायची नाही, म्हणून पुढे लाल जोडायचा. अकराव्या ओळीचा शेवटचा खांब मी काल अर्धा उसवला आणि सुईवरचे दोन फास सेफ्टी पिनेत अडकवून ठेवलेत. पिन काढ, फास सुईवर घे, त्यातून लाल ओढ. तीन साखळ्या घाल आणि उलट. बाराव्या ओळीच्या शेवटी, जिथे तू नेहमी थांबायचास, तिथे त्या बारीक साखळ्यांच्या डोक्यावर मी पांढऱ्या दोऱ्याची खूण बांधलीय. त्यात सुई घाल. मग मोज. दहा भरले की फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझी
आई