विषय: अण्णांच्या नाकातली नळी आणि तुमचं ‘यूट्यूबवर बघा’

प्रति,
व्यवस्थापक

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनवरची मुलगी मला म्हणाली, “मॅडम, डिस्चार्ज झालेला पेशंट आमच्या सिस्टीमला दिसत नाही.” आम्हाला दिसतो. इथे जुळे सोलापुरात, हॉलमधल्या कॉटवर. डावी बाजू गेलेली, नाकात नळी. म्हणून आता लेखी.

माझे सासरे, वय ८१. लकवा मारला म्हणून अकरा दिवस तुमच्याकडे होते. डॉक्टरांबद्दल तक्रार नाही. पण दर दोन तासांनी कूस बदलायची असं फाइलवर लिहिलेलं, ती बदलत कोण होतं? दिवसा मी, रात्री आमचे मिस्टर. डायपर आम्ही, अंग पुसणं आम्ही. बिलात ‘नर्सिंग चार्जेस’ मात्र अकराही दिवसांचे. एअर बेड सातव्या दिवशी आला, तोही मी तीनदा काउंटरला खेटे घातल्यावर. तोवर माकडहाडावर जखम झाली होती. त्यात पास एकच! दुसरा माणूस वर आला की वॉचमन खाली हाकलणार. अंग लुळं पडलेला माणूस एकटीनं कसा वळवायचा, हे त्या वॉचमनलाच विचारायला हवं होतं.

डिस्चार्जच्या दिवशी सकाळी दहाला “घरी न्या” म्हणालात, सोडलंत संध्याकाळी साडेसहाला. विमा कंपनीनं डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची, हा २०२४ चा नियम तुम्हाला ठाऊक असणारच. मग तुम्ही कागद पाठवले कधी?

त्या वेळात मी सिस्टरना विचारलं, “नळीतून भरवायचं कसं?” म्हणाल्या, “मावशी दाखवतील.” मावशी म्हणाल्या, “ताई, आम्हाला नळीला हात लावू देत नाहीत.” परत सिस्टरकडे. त्या फोनवर. मी उभी, हातात तुमच्याच मेडिकलमधून आणलेली मोठी सिरिंज, पाकीटही न फोडलेली. फोन संपला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुम्ही सून ना? मग तुम्हालाच करायचंय. यूट्यूबवर बघा, सगळं असतं.” शेजारच्या कॉटजवळची बाई फिसकन हसली. बरोबरच आहे. ऑपरेशनंही यूट्यूबवर असतात, मग तुमची बिल्डिंग कशाला बांधली?

भरवण्याआधी नळी जागेवर आहे का बघायचं, पाठ उंच ठेवायची, नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर पेज फुफ्फुसात जायची भीती. हे मला शिकवलं आमच्या गल्लीतल्या रिटायर सिस्टरबाईंनी. चहासुद्धा घेतला नाही त्यांनी. नर्सिंग चार्जेस त्यांना द्यायला हवे होते.

अण्णांची हयात यंत्रमागावर चादरी विणण्यात गेली. उजवा हात अजून अंगावरच्या चादरीची किनार चाचपत असतो. ‘तिथे नीट बघतील’ म्हणून त्यांनीच तुमचं नाव सांगितलं होतं, मागच्या वर्षी, चालते-बोलते असताना.

नर्सिंग चार्जेसचा दिवसवार हिशोब द्या. केस पेपरच्या प्रती मागितल्यापासून ७२ तासांत द्यायच्या असतात. हा माझा अर्ज समजा. जखमेचं ड्रेसिंग दाखवायला शिकलेला माणूस घरी पाठवा. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी पडत नाही, एवढं मीही बघून ठेवलंय. यूट्यूबवरच.

आणि ‘आम्हाला पाचपैकी किती स्टार द्याल’ हा मेसेज बंद करा. रोज सकाळी सातला येतो, नेमका अण्णांना भरवायच्या वेळी.