वाट फक्त मिरवणुकीतच मिळणार का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पहिल्या पानावर महाद्वार रोडच्या मिरवणुकीतल्या गर्दीतून ॲम्ब्युलन्सला वाट करून देणाऱ्या कार्यकर्त्यांचा भलामोठा फोटो छापलात. फोटो झकास आहे. कुणाच्या तरी गच्चीवरून काढलेला दिसतो, मधली मोकळी पट्टी अगदी भांग पाडल्यासारखी. माणुसकीचे दर्शन वगैरे मथळाही नेहमीचाच. पोरांचे कौतुक करायलाच हवे, त्यात दुमत नाही. पण ती पोरं त्या दिवशी पायी होती. त्यांच्या बुडाखाली गाडी असते तेव्हा काय होते, त्याचा फोटो हवा असेल तर तुमचा फोटोग्राफर एखाद्या संध्याकाळी दाभोलकर कॉर्नरला उभा करा. गच्चीवर चढायचीही गरज नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या दाजींच्या छातीत कळ आली. हातकणंगल्याहून त्यांना ॲम्ब्युलन्समधून कोल्हापूरला आणताना मी आत बसलो होतो. हायवेने तावडे हॉटेलपर्यंत गाडी सुसाट आली. ट्रकवाले, ज्यांना आपण उठता-बसता शिव्या घालतो, ते मुकाट्याने डावीकडे दबत होते. ताराराणी चौक ओलांडला आणि शहाण्यांचे शहर सुरू झाले. पुढे एक पांढरी मोटार. काचा वर, एसी चालू, आत गाणी. सायरन त्याच्या कानापर्यंत जात नव्हता म्हणावे, तर मागच्या आरशात फिरणारा दिवा तरी दिसत होता की नाही? ड्रायव्हर माईकवरून ओरडतोय, "ओ पांढरी गाडी, डावीकडं घ्या, डावीकडं!" आणि हा बाबा डावीकडे इंडिकेटर दाखवून तिथेच उभा. शेवटी आमच्या भाच्याने खाली उतरून काचेवर टकटक केली. काच चार बोटे खाली आली आणि आतून उत्तर आले, "पुढं बघा की, मी तरी कुठं उडून जाऊ?" डाव्या हाताला एक रिक्षा आरामात मावेल एवढी जागा होती. तिथे त्याने जायचे नव्हते, कारण तिथून मोपेडवाले पुढे घुसत होते आणि त्यांच्या मागे आपण राहू, ही त्याला धास्ती. दाजींच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, डोळे टक्क उघडे होते. बहीण त्यांचा तळवा चोळत होती आणि मी खिडकीतून त्या मोटारीच्या मागच्या काचेवरचे ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ वाचत होतो.

कसाबसा तो हलला. मग पुढची गंमत. ॲम्ब्युलन्स निघाली तशी तिच्या मागे बुलेटवाले, मोपेडवाले आणि मघाचीच ती पांढरी मोटार, सगळे वरातीसारखे लागले. मोकळा रस्ता फुकटात मिळाला तर सोडतोय कोण! व्हीनस कॉर्नरला आमच्या ड्रायव्हरने जरा ब्रेक दाबला आणि एक जण मागच्या दाराला धडकता धडकता वाचला. उलट तोच हात वर करून आम्हाला विचारतोय, "दिसत न्हाई का?"

दाजी वाचले. आता चहात साखर कमी म्हणून कुरकुर करतात. पण तेवढ्या रस्त्यात बहिणीचे जे झाले ते आम्हीच पाहिले.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 194 ई आले. रुग्णवाहिका किंवा अग्निशमनच्या गाडीला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हेल्मेटची पावती फाडलेली माणसे माझ्या माहितीत ढिगाने आहेत, या कलमाखाली फाडलेली एकही पावती मी अजून पाहिलेली नाही. कुणाकडे असेल तर त्याने फ्रेम करून लावावी.

चहाच्या गाड्यावर यावर बोलायला गेले की ठरलेले उत्तर येते: "अहो, आत पेशंटच नसतोय. ड्रायव्हर नाष्ट्याला निघालेला असतोय." असेलही एखादा तसला. पण रिकामी ॲम्ब्युलन्स बहुतेक वेळा पेशंटला आणायलाच निघालेली असते, एवढे कळायला काय पदवी लागते? आपल्या दारात ती वेळेवर यावी असे वाटते ना? मग ती येताना रिकामीच असणार! अग्निशमनच्या बंबाचेही तेच. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा सगळे गाव हळहळले. त्या आधी आणि नंतर बंब बघून किती जणांनी गाडी बाजूला घेतली, ते ज्याचे त्याने आठवावे.

लोकांचा सायरनवरचा विश्वास उडाला याला मोठी माणसेही कारण आहेत, हेही लिहितो. लाल दिवे 1 मे 2017 पासून गेले, हौस मात्र गेली नाही. उद्घाटनाला निघालेल्या ताफ्यातही तोच आवाज आणि प्राण कंठाशी आलेल्याच्या गाडीतही तोच. माणूस दोन वेळा उगाच बाजूला झाला की तिसऱ्या वेळी कान बंद करून घेतो. सिग्नलला पांढऱ्या पट्टीच्या पुढे सरकून वाट द्यावी तर कॅमेऱ्यात येऊन मोबाईलवर चलन येईल, ही भीती वेगळीच. ॲम्ब्युलन्ससाठी पुढे सरकलेल्याचे चलन रद्द करून मिळेल, असे वाहतूक शाखेने एकदा जाहीर सांगून टाकावे आणि तुम्ही ते त्या फोटोएवढ्याच जागेत छापावे.

जाता जाता एक. गल्लोगल्ली रातोरात उगवणारे स्पीड ब्रेकर, ज्यांच्यावर ना पांढरे पट्टे ना अलीकडे फलक, त्यांच्याबद्दल मी मागे पत्र लिहिले होते. आपण ते निम्मे कापून छापलेत आणि नेमका आमच्या कॉलनीतल्या ब्रेकरचाच मजकूर गाळलात. दाजींना डिस्चार्ज देऊन घरी आणताना गाडी त्याच ब्रेकरवर आदळली. या वेळी कापायचेच असेल तर वर फोटोचे कौतुक केले आहे ते कापा.

आपला जुना वर्गणीदार,
शाहूपुरी, कोल्हापूर